तरुणपणीचा आतड्याचा कर्करोग: वय नव्हे, गाठ काय सांगते ते बघा

‘तरुण वयात कॅन्सर झाला की तो झपाट्यानेच पसरतो.’ ठाण्यात कुठल्याही सोसायटीच्या कट्ट्यावर हे वाक्य ऐकू येतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल तर हमखास, कारण पन्नाशीच्या आतले रुग्ण अनेक देशांत वाढताहेत. पण रुग्णाचं पुढे काय होणार हे जन्मतारखेवरून ठरत नाही. रोग किती पसरलाय आणि गाठीच्या डीएनएत नेमकं काय बिघडलंय, यावर ते बरंचसं ठरतं.

पेशी दुभंगताना डीएनएतल्या सुमारे ६०० कोटी अक्षरांची नक्कल करावी लागते. तिथे सर्वात अवघड जागा कुठली? जिथे एकच अक्षर पुन्हापुन्हा येतं ती. एमएसएच२ या जनुकात एका ठिकाणी ‘ए’ हे अक्षर सलग २६ वेळा आहे. माळ न घेता जप करणाऱ्याची मोजणी चुकते, तशी इथे नक्कल करणाऱ्या विकराची चुकते. २६ चे २५ होतात. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिनांची जोडी धाग्यावरचा तो फुगवटा हेरते. मग एमएलएच१ आणि पीएमएस२ ही दुसरी जोडी नव्या धाग्याला छेद देते, चुकीचा तुकडा काढला जातो आणि तो पुन्हा लिहिला जातो. हे कोडं उलगडण्यासाठी पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

या चारपैकी एक प्रथिन गेलं की चुका हजारोंनी साठतात. त्यातूनच कर्करोग होतो, पण त्याच चुका रुग्णाच्या कामीही येतात. जनुकातलं एक अक्षर गळलं की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि भलतीच प्रथिनं तयार होतात. रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींना ती परकी वाटतात आणि त्या गाठीत घुसतात. म्हणूनच अशा गाठी दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे रोग लसिकाग्रंथींत पोचण्याआधी, सापडल्या तर भवितव्य सहसा चांगलं असतं, आणि नुसत्या ५-एफयू या औषधाच्या केमोचा तिथे फारसा उपयोग होत नाही.

२०२२ मध्ये न्यूयॉर्कला गुदाशयाच्या कर्करोगाच्या १२ रुग्णांची गाठ नुसत्या डोस्टार्लिमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाने नाहीशी झाली, तेव्हा ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ असे मेसेज फिरले. ते सगळे रुग्ण याच, दुरुस्ती-यंत्रणा बिघडलेल्या प्रकारचे होते. गुदाशयाच्या कर्करोगात हा प्रकार शंभरात पाच-दहांचाच. बहुतेक तरुण रुग्णांची दुरुस्ती-यंत्रणा शाबूत असते आणि त्यांना हे औषध तसं लागू पडत नाही. अर्धी बातमी पुढे ढकलणं हा रुग्णांवर अन्याय आहे.

गाठीच्या डीएनएतल्या बाकी खुणांपैकी बीआरएएफ या जनुकातला व्ही६००ई बदल पसरलेल्या रोगात वाईट लक्षण. तरुणांत तो कमी दिसतो. केआरएएस हे जनुक बदललेलं असेल तर सेटुक्सिमॅब हे औषध सहसा चालत नाही.

ही चार प्रथिनं बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर रंग देऊन तपासता येतात. दोष जन्मजात निघाला तर तो लिंच सिंड्रोम. मग प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि मुलात तो असण्याची शक्यता निम्मी, आणि ज्यांच्यात सापडेल त्यांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) दोष कुठल्या जनुकात आहे त्यानुसार विशी-पंचविशीपासून किंवा तिशी-पस्तिशीपासून सुरू करतात. अशा आनुवंशिक कर्करोगांवर नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये काम चालतं.

पण बायोप्सीपर्यंत पोचायला हवं. शौचातून रक्त गेलं की ‘मूळव्याध, ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज’ अशी भिंतीवरची जाहिरात वाचून चूर्ण आणणारे तरुण महिनोन्‌महिने घालवतात. रक्त जातच राहिलं, वजन उतरलं किंवा हिमोग्लोबिन घसरलं, तर वय तिशीचं असलं तरी कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.