जननमार्गाचा दाह आणि एचआयव्हीची लागण

स्त्रीच्या जननमार्गात दाह असेल तर एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो. दाह म्हणजे खरे तर शरीराने बचावासाठी जमवलेली कुमक. पण या विषाणूला नेमकी तीच हवी असते. तो सीडी४ टी पेशी या बचावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरून वाढतो, आणि सीसीआर५ हे ग्राही प्रथिन (विषाणूला चिकटायला मिळणारी कडी) पृष्ठभागावर धारण करणाऱ्या उत्तेजित पेशी त्याला विशेष सोयीच्या पडतात.

योनी व गर्भाशयमुखाचे अस्तर धड असेल तर फार थोडे विषाणू आत पोचतात. माकडांवरील प्रयोगांत ही पहिली लागण अगदी लहानशा जागेत दिसली. तिला पसरायला आसपास नव्या टी पेशी याव्या लागतात. दाहात सायटोकाइन ही संदेशवाहक प्रथिने त्या पेशी ओढून आणतात, शिवाय अस्तरातल्या पेशींमधले सांधेही सैल पडतात.

याचा ठळक पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातून आला. तेथील ‘कॅप्रिसा ००४’ या ८८९ स्त्रियांवरील चाचणीत टेनोफोव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या, योनीत लावायच्या जेलने लागण ३९ टक्क्यांनी घटली (२०१०). पुढे त्याच स्त्रियांचे नमुने तपासले, तेव्हा दाह असलेल्यांना लागणीचा धोका सुमारे तिप्पट आढळला. दाह नसलेल्यांमध्ये जेलचा गुण ५७ टक्के, असलेल्यांमध्ये अवघा ३! औषध तेच, अस्तर वेगळे.

दाहाची कारणे अनेक: परमा, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, हर्पिस हे लैंगिक संसर्ग, तसेच योनीतले हितकारक लॅक्टोबॅसिलस जिवाणू घटून इतर जिवाणू माजणे. हर्पिसची गोष्ट चिवट आहे. फोड भरून आल्यावरही टी पेशी त्या जागी कित्येक आठवडे ठाण मांडून राहतात. असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचे औषध देऊन एचआयव्हीची लागण टळली नाही, त्याचे हे एक कारण मानतात. नॉनॉक्सिनॉल-९ या शुक्राणुनाशकाचा वारंवार वापर तर अस्तराला इजा करून धोका वाढवतो, असे दिसले.

भारतात सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक संसर्गाची लक्षणे पाहून औषधांचे रंगीत किट देण्याची पद्धत आहे. अंगावरून पांढरे जाते म्हणून बाई आली तर तिला औषध मिळते. पण क्वाझुलू-नातालमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात, प्रयोगशाळेत लैंगिक संसर्ग सापडलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १२ टक्के जणींना असा स्राव होता. लक्षणे नसलेल्या बाकीच्या जणींमध्येही दाह वाढलेलाच होता.