एन्चिलाडाचा लगदा का होतो?

लाल मिरचीच्या रश्शात माखलेली मक्याची टोर्टिया, म्हणजे पातळ भाकरी, तिच्या पोटात मंद आचेवर शिजवून तंतू सुटे केलेले गोमांस, वर वितळलेले चीज. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात आणि शेजारच्या टेक्सासमध्ये एन्चिलाडा हा घरोघरचा पदार्थ आहे. सगळे घरी करायला घेतले की तीन गोष्टी हमखास बिघडतात. रस्सा कडू होतो, टोर्टिया गुंडाळताना चिरते आणि ताटात येईपर्यंत तिचा लगदा होतो. मसाल्याचे प्रमाण बदलून यातले काहीच सुटत नाही, कारण तिन्ही ठिकाणी प्रश्न असतो तो पाणी कुठे आहे आणि कुठे नाही याचा.

सुरुवात मांसापासून करावी, कारण रश्शाला लागणारे पाणी तिथूनच मिळते. चार माणसांसाठी एक किलो खांद्याचा तुकडा घ्या. अमेरिकेत तो 'चक' नावाने मिळतो. चार मोठे भाग करून मीठ चोळा, पुसून कोरडे करा आणि जाड बुडाच्या भांड्यात तेलावर खरपूस होऊ द्या. ओल्या पृष्ठभागाचे तापमान 100 अंशांपुढे सरकत नाही आणि तांबूस रंग व खमंग वास येण्यासाठी साधारण 140 अंश लागतात. म्हणून पुसणे टाळू नका. मग एक कांदा, अर्ध्या उंचीपर्यंत पाणी, झाकण आणि अडीच-तीन तास मंद आच. पाणी नुसते थरथरले पाहिजे. या भागात कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असते आणि त्याचे जिलेटिन व्हायला वेळ लागतो. रटरट उकळले तर स्नायूंचे तंतू आवळून आपले पाणी बाहेर टाकतात. मांस मऊ होते, पण चघळताना कोरडे लागते. कुकरमध्ये 45-50 मिनिटे पुरतात, मात्र वाफ आपोआप जिरू द्या. काटा फिरवताच तंतू सुटले की झाले. उरलेले पाणी गाळून ठेवा.

आता मिरची. न्यू मेक्सिकोची लांबट मिरची हिरवी असताना भाजून खातात आणि तीच झाडावर पिकून वाळली की लाल रश्शाला वापरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लास क्रूसेसच्या कृषी महाविद्यालयात फाबियान गार्सिया यांनी निवड करून एकसारखी, बेताची तिखट जात तयार केली. आजच्या बहुतेक जातींचे मूळ तिथे आहे. ती मिळाली नाही तर बेडगी घ्या: रंग गडद, तिखटपणा बेताचा. संकेश्वरी किंवा लवंगी चालणार नाही. इथे मिरची हाच रश्शाचा गर आहे, 60 ग्रॅम लागते, आणि तेवढी लवंगी खाणारा माणूस विरळाच.

देठ आणि बिया काढा. तिखटपणा बियांत असतो हा समज पक्का असला तरी चुकीचा आहे. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन तयार होते ते बिया ज्यांना चिकटलेल्या असतात त्या फिकट शिरांमध्ये. कमी तिखट हवे असेल तर शिरा खरवडा. मग मध्यम तापलेल्या तव्यावर दर बाजूला 10-15 सेकंद, वास सुटेपर्यंतच. वाळलेल्या पातळ सालीत तापमान रोखून धरायला पाणीच नसते, त्यामुळे खमंग आणि जळकी यांत काही सेकंदांचेच अंतर राहते. काळा डाग पडला की ती मिरची फेकून द्या. तो कडूपणा साखरेने झाकत नाही. खकाणा उठू लागला तर तवा जास्त तापला आहे.

भाजलेल्या मिरच्या उकळत्या पाण्यात 20 मिनिटे बुडवा, आच बंद ठेवून. ते पाणी चाखून पाहा. कडू असेल तर ओतून द्या आणि मिरच्या मांसाच्या अर्धा लिटर पाण्यात तीन लसूण पाकळ्यांसह अगदी बारीक वाटा. गाळणीतून दाबून काढा, कारण साल कितीही शिजवली तरी जिभेला कागदासारखी लागते. मिरचीचा लाल रंग कॅप्सँथिन आणि त्याच्या भाऊबंदांचा. तो आणि कॅप्सेसिन दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. म्हणून नुसते वाटण उकळून रस्सा होत नाही. दोन मोठे चमचे डुकराची चरबी किंवा तेल तापवा, दीड चमचा मैदा मिनिटभर परता, वाटण ओता आणि 15 मिनिटे मंद शिजवा. कडेला लाल तर्री दिसू लागली की रंग तेलात उतरला. अर्धा चमचा जिरेपूड, चिमूटभर ओरेगानो. मीठ शेवटी, कारण आटताना खारटपणा वाढतो. मेक्सिकन ओरेगानो नसेल तर दोन-चार दाणे ओवा चुरडून घाला, त्याच्यातही थायमॉल आहे.

टोर्टियासाठी आपल्याकडचे साधे मक्याचे पीठ चालत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात: एक किलो मक्याला साधारण 10 ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावतात तो चुना. अल्कलीमुळे दाण्याचे टरफल सुटते, स्टार्च अर्धवट शिजतो आणि पीठ एकमेकांना धरून राहते. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्वही शरीराला मिळू लागते. युरोपने मका नेला, चुना नेला नाही, आणि इटलीच्या उत्तरेकडील गरीब शेतकऱ्यांत नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला.

हे पीठ पाकिटात 'मासा आरिना' नावाने मिळते. 250 ग्रॅम पिठात सुमारे 350 मिली कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. झाकून 20 मिनिटे. गोळी दाबल्यावर कडा चिरल्या तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. 35 ग्रॅमच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून 15 सेंटिमीटरच्या करा, कडकडीत तव्यावर भाजा, कापडात गुंडाळा. सोळाएक होतात, बारा लागतात.

भाजलेली टोर्टिया गार झाली की स्टार्चचे रेणू पुन्हा ओळीने बसतात आणि ती ताठ होते. अशीच गुंडाळली तर मोडते. तशीच रश्शात टाकली तर सच्छिद्र असल्याने पाणी शोषते. दोन्हीला उपाय एकच: 175 अंशांच्या तेलात दर बाजूला 8-10 सेकंद. उष्णतेने ती लवचिक होते, पृष्ठभागावरचे पाणी उडते आणि जागी तेलाचा पातळ थर बसतो. तेल वाचवण्यासाठी ही पायरी गाळणारे अनेक असतात, आणि लगदा त्यांच्याच ताटात होतो. मात्र कुरकुरीत होऊ देऊ नका, पुन्हा गुंडाळता येणार नाही.

मांसात चार-पाच चमचेच रस्सा मिसळा. तळलेली टोर्टिया रश्शात बुडवून लगेच काढा, 45 ग्रॅम सारण भरा, गुंडाळी खाली करून ताटलीत लावा. उरलेला रस्सा ओव्हनमध्ये ठेवायच्या क्षणी ओता, वर 200 ग्रॅम मॉन्टेरे जॅक चीज. पनीर वितळत नाही, कारण आम्लाने दूध फाडताना केसीन या दुधातल्या प्रथिनाची जडणघडण बदलते. 190 अंशांवर 12 मिनिटे, फार तर 15. इथे काही शिजवायचे नसते, चीज वितळले की बाहेर.

न्यू मेक्सिकोतली अनेक घरे गुंडाळण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. टोर्टिया, सारण आणि रस्सा यांचे तीन थर ताटलीत रचून वर तळलेले अंडे ठेवतात. पहिल्या खेपेला हाच प्रकार करावा. जास्तीचा रस्सा आणि मांस फ्रीजमध्ये वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, तीन-चार दिवस टिकतात. जोडणी मात्र खायच्या आधीच करा.