१९९वी निवड : मोजमापातून निसटलेले खेळाडू

३ फेब्रुवारी २००२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, शेवटच्या दीड मिनिटात १७-१७ असा बरोबरीत होता. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा २४ वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, टॉम ब्रेडी याने, एकही टाइमआउट हाताशी नसताना, आपला संघ ५३ यार्ड पुढे नेला आणि घड्याळ शून्यावर येत असताना ॲडम व्हिनाटिएरीने ४८ यार्डांवरून लाथेने चेंडू दोन खांबांच्या मधून पलीकडे धाडून सामना जिंकून दिला. समोरच्या सेंट लुईस रॅम्सचा क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर, त्या हंगामातील सर्वोत्तम ठरलेला खेळाडू. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, ब्रेडीचा क्रमांक १९९वा लागला होता. वॉर्नर आणि व्हिनाटिएरी यांना तर तेथे कोणीच निवडले नव्हते. ज्या खेळात तरुणांची पारख करण्यासाठी प्रत्येक संघ स्वतंत्र तज्ज्ञ नेमतो, त्या खेळाच्या अंतिम सामन्याची सूत्रे अशा तीन खेळाडूंच्या हाती असावीत, याचे स्पष्टीकरण केवळ दैवावर सोडून चालणार नाही.

ड्राफ्टची पद्धत १९३६ साली सुरू झाली. आपल्याकडच्या आयपीएल लिलावासारखी तेथे बोली लागत नाही. आदल्या हंगामात सर्वांत खाली राहिलेला संघ महाविद्यालयीन खेळाडूंमधून पहिली निवड करतो, मग त्याच्या वरचा, आणि विजेत्या संघाची पाळी शेवटी येते. १९९४ पासून अशा सात फेऱ्या होतात आणि सुमारे अडीचशे तरुण निवडले जातात. पहिल्या फेरीतील खेळाडूला मोठा करार, भरपूर संधी आणि प्रशिक्षकांचा विश्वास लाभतो. सहाव्या-सातव्या फेरीतील खेळाडूंपैकी अनेकांना मात्र पहिला हंगाम सुरू होण्याआधीच घरी परतावे लागते.

ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिस येथे आमंत्रित खेळाडूंची शारीरिक चाचणी होते. ४० यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची धाव, जागच्या जागी उंच उडी, लांब उडी, १०२ किलो वजन छातीवरून किती वेळा उचलता येते याची मोजणी, आणि दिशा बदलत पळण्याचे काही प्रकार त्यात असतात. २००० साली ब्रेडीने ती धाव ५.२८ सेकंदांत पूर्ण केली आणि त्याची उंच उडी साडेचोवीस इंच भरली. हे आकडे त्या पातळीवर अत्यंत सामान्य होते. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. पुढे त्याने २३ हंगाम खेळून सात सुपर बोल जिंकले.

ब्रेडीचे मोजमाप चुकले होते असे नाही; तो खरोखरच संथ धावत असे. प्रश्न असा की, त्या चाचणीत जे मोजले जाते त्याचा क्वार्टरबॅकच्या कामाशी संबंध किती? चेंडू हाती आल्यावर त्याला साधारणपणे अडीच ते तीन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात सुमारे ४९ मीटर रुंदीच्या मैदानावर प्रतिस्पर्धी संघाचे अकरा खेळाडू कोणत्या रचनेत सरकत आहेत हे ओळखून, आपल्या पाच संभाव्य साथीदारांपैकी कोण क्षणभर मोकळा होणार आहे याचा अंदाज बांधून, तो अजून जेथे पोहोचलेलाही नाही अशा जागी चेंडू फेकायचा असतो. या कौशल्याचे स्वरूप समजून घ्यायला बुद्धिबळावरील एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवून मोहरे आठवणीने मांडायला सांगितले. खऱ्या डावातील स्थिती असेल तेव्हा निष्णात खेळाडू नवशिक्यांपेक्षा कितीतरी अधिक मोहरे अचूक मांडत. मोहरे वाटेल तसे विखुरलेले असले की त्यांची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होई. याचा अर्थ त्यांची स्मरणशक्ती सर्वसाधारणपणे तीव्र नव्हती; वर्षानुवर्षांच्या सरावातून त्यांच्या मनात अर्थपूर्ण रचनांचा साठा झाला होता. क्वार्टरबॅकचे मैदान वाचणे बऱ्याच अंशी याच जातीचे असावे, असे मला वाटते. हा साठा उडीच्या पट्टीवर दिसत नाही, आणि तो विशीनंतरही वाढत राहतो.

यात संख्याशास्त्रातील एक बारकावाही दडलेला आहे. ज्या गुणाची चाळणी आधीच लागलेली असते, तो गुण चाळणीतून आलेल्यांमध्ये पुढील यशाचा भेद फारसा सांगू शकत नाही. शाळेत आणि महाविद्यालयात वेग व बळ यांच्या जोरावर लाखोंमधून निवडून आलेले तरुणच त्या चाचणीला पोहोचतात. त्यांच्यातील उरलेला फरक लहान असतो, म्हणून त्या फरकाचा यशाशी सहसंबंधही क्षीण दिसतो, जरी एकूण लोकसंख्येत वेगाचे महत्त्व मोठे असले तरी. याच्याही पुढची गोष्ट अशी की, जो तरुण संथ असूनही त्या पातळीपर्यंत टिकला, त्याच्याकडे ती उणीव भरून काढणारे दुसरे काहीतरी असण्याची शक्यता अधिक. ब्रेडी मिशिगन विद्यापीठासारख्या बलाढ्य संघाचा क्वार्टरबॅक होता, त्याने सुरुवात केलेल्या २५ सामन्यांपैकी २० त्या संघाने जिंकले होते, आणि जानेवारी २००० मधील ऑरेंज बोल या महाविद्यालयीन सामन्यात अलाबामाविरुद्ध ३६९ यार्डांच्या फेकी करून त्याने अतिरिक्त वेळेत ३५-३४ असा विजय मिळवून दिला होता. पाय संथ असताना हे कसे शक्य झाले, हा प्रश्न संथ पायांइतकाच विचारात घ्यायला हवा होता.

तरीही निवड करणारे आंधळे असतात असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. सरासरी पाहिली तर पहिल्या फेरीतील खेळाडू शेवटच्या फेरीतील खेळाडूंपेक्षा निश्चितच सरस ठरतात. मात्र सरासरीतील क्रम आणि दोन व्यक्तींमधील क्रम या वेगळ्या गोष्टी आहेत. केड मॅसी आणि पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा जो अभ्यास केला, त्यात एकाच जागेवर खेळणाऱ्या व एकामागोमाग निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला खेळाडू अधिक यशस्वी ठरण्याचे प्रमाण सुमारे ५२ टक्के आढळले. नाणे उडवले तर ५० टक्के मिळतात. याउलट त्या दोन जागांमधील फरकासाठी संघ पैशांत आणि अदलाबदलीत जी किंमत मोजतात, ती या दोन टक्क्यांच्या मानाने फार मोठी असते.

शिवाय संख्येचाही एक परिणाम असतो. समजा, शेवटच्या दोन फेऱ्यांतील सुमारे ६४ खेळाडूंपैकी प्रत्येकाची थोर खेळाडू होण्याची शक्यता अवघी एक टक्का आहे. तरीसुद्धा एखाद्या वर्षी त्यांच्यातून किमान एक तसा निघण्याची शक्यता जवळजवळ ४७ टक्के येते, आणि दहा वर्षांच्या अवधीत ती जवळपास खात्रीच होते. हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. पण ९९ टक्के वेळा बरोबर असलेले निवडकर्तेही काही वर्षांनी एका ब्रेडीमुळे चुकीचे दिसणारच, हे त्यावरून कळते. १९५६ साली १७व्या फेरीत २००व्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक बार्ट स्टार, १९९५ साली सहाव्या फेरीत १९६व्या क्रमांकावर आलेला, चेंडू घेऊन धावणारा टेरेल डेव्हिस ही नावे आपल्याला आठवतात, कारण ती उरली. त्यांच्या आगेमागे निवडलेले शेकडो तरुण कोणालाच आठवत नाहीत.

पण प्रत्येक उशिराची निवड ही मोजमापातील अनिश्चिततेची खूण नसते. पुढे थोर ठरलेला क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाक याला १९६४ साली दहाव्या फेरीपर्यंत थांबावे लागले, कारण नौदलातील सेवा त्याच्यावर बंधनकारक होती आणि तो १९६९ पर्यंत खेळूच शकणार नव्हता. त्याच्या गुणांविषयी शंका नव्हती. याहून गंभीर कारण वर्णभेदाचे आहे, आणि त्याची दखल घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील ज्या महाविद्यालयांत प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकत, तेथे अनेक संघांचे निवडकर्ते दीर्घकाळ फिरकतच नसत. डीकन जोन्स १९६१ साली १४व्या फेरीत, रिचर्ड डेंट १९८३ साली आठव्या फेरीत आणि शॅनन शार्प १९९० साली सातव्या फेरीत निवडले गेले. तिघेही अशा महाविद्यालयांतून आलेले आणि तिघेही पुढे या खेळाच्या सन्मान-दालनात पोहोचले. वॉरन मून तर मोठ्या विद्यापीठाचा विजयी क्वार्टरबॅक होता. पण क्वार्टरबॅकच्या जागेवर कृष्णवर्णीय खेळाडू स्वीकारण्याची तयारी नसलेल्या त्या काळात, १९७८ साली, त्याला कोणी निवडले नाही. तो कॅनडाला गेला, तेथे लागोपाठ पाच वेळा अजिंक्यपद मिळवले, आणि मगच अमेरिकेत परतला.

येथे पाहण्याची साधनेच एका बाजूला झुकलेली होती, आणि म्हणून ज्याने ती बदलली त्याला अफाट फायदा झाला. बिल नन हे पिट्सबर्ग कुरियर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात क्रीडा पत्रकार होते आणि वर्षानुवर्षे त्यांनी याच महाविद्यालयांच्या सामन्यांचे वार्तांकन केले होते. पिट्सबर्ग स्टीलर्सने त्यांना निवड विभागात घेतले. इतरांकडे नसलेली माहिती त्यांच्या वह्यांत आणि ओळखींत आधीपासूनच होती. अर्कान्सातील अशाच एका महाविद्यालयाचा एल. सी. ग्रीनवुड १९६९ साली दहाव्या फेरीत संघाला मिळाला. १९७४ साली स्टीलर्सने पहिल्या पाच फेऱ्यांत सन्मान-दालनात पोहोचलेले चार खेळाडू निवडले, त्यांपैकी जॉन स्टॉलवर्थ अलाबामा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचा. आणि त्याच वर्षी कोणीही न निवडलेला डॉनी शेल हा पाचवा त्यांनी स्वतंत्रपणे घेतला. पुढील सहा हंगामांत या संघाने चार सुपर बोल जिंकले.

मात्र खेळाडू संघात आल्यावरही त्याची परीक्षा होईलच असे नसते. बॅरी स्टॉ आणि होआंग यांनी १९९५ साली अमेरिकी बास्केटबॉलमधील नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्ष कामगिरी हिशेबात घेऊनही आधी निवडलेल्या खेळाडूंना मैदानावर अधिक वेळ मिळतो आणि त्यांची कारकीर्द अधिक लांबते असे त्यांना दिसले. ज्याच्यावर मोठी किंमत खर्च झाली, त्याला बाजूला करणे संघाला जड जाते. मागच्या फेरीतल्या खेळाडूची गुणवत्ता त्यामुळे नुसती झाकलेली राहत नाही, तर तिची नोंद होण्याची परिस्थितीच निर्माण होत नाही.

म्हणूनच या थोर क्वार्टरबॅकांच्या आयुष्यातला एक समान धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. जॉनी युनायटसला १९५५ साली नवव्या फेरीत निवडून संघाने हंगामाआधीच काढून टाकले होते. सामन्यामागे सहा डॉलर घेऊन तो स्थानिक संघात खेळत राहिला, आणि १९५६ साली बाल्टिमोर कोल्ट्समध्ये त्याला संधी मिळाली ती १९५५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला जॉर्ज शॉ याचा पाय मोडल्यावर. वॉर्नर १९९९ साली पुढे आला तो रॅम्सचा ठरलेला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन हंगामाआधी जखमी झाल्यामुळे. पेट्रियट्सचा ड्रू ब्लेडसो हा १९९३ च्या ड्राफ्टमधील पहिली निवड होता आणि मार्च २००१ मध्ये त्याने दहा वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला होता. २३ सप्टेंबर २००१ रोजी त्याला जबर दुखापत झाली आणि ब्रेडी मैदानात उतरला.

संशोधनाच्या भाषेत याला नैसर्गिक प्रयोग म्हणता येईल. कोणाला खेळवायचे हा निर्णय एरवी जुन्या अंदाजावरच ठरतो, त्यामुळे तो अंदाज खरा की खोटा हे कधीच तपासले जात नाही. दुखापत मात्र ड्राफ्टचा क्रमांक पाहून येत नाही, आणि तेवढ्यापुरती ती साखळी तुटते. अशी संधी मिळालेले बहुतेक राखीव खेळाडू सामान्यच ठरतात, हेही नोंदवायला हवे. पण ज्यांच्या पुढे असलेला खेळाडू सगळी वर्षे धडधाकट राहिला, त्यांच्यात किती युनायटस होते याची कोणतीही नोंद असू शकत नाही.

२०२१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने तिसऱ्या क्रमांकावरून ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला घेण्यासाठी पहिल्या फेरीतील तीन निवडी मोजल्या. पुढच्या वर्षी त्याच संघाने ड्राफ्टच्या अगदी अखेरीस, २६२व्या आणि शेवटच्या क्रमांकावर ब्रॉक पर्डीला निवडले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरमध्ये त्याच्या जागी खेळणाऱ्या जिमी गारोपोलोचे पाऊल दुखावले, आणि पर्डी आत आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो सुपर बोलमध्ये खेळत होता.