सदतिसास एक : बोरघाट, थळघाट आणि मुंबईची मालवाहतूक

मुंबईहून देशावर जाणाऱ्या मालगाड्यांचा इतिहास एका प्रमाणाभोवती फिरतो: ३७ मीटर अंतरात १ मीटर चढ. कर्जत ते खंडाळा हा बोरघाट आणि कसारा ते इगतपुरी हा थळघाट, दोन्ही मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने याच चढावर आखले.

बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट तडीस नेले. १८६१ च्या सुमारास घाटात ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतील हजारोंचा बळी घेतला, पण त्यांची नावे कोणत्याही स्थानकावर कोरलेली नाहीत, ही खंत आजही बोचते. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट वाहतुकीस खुला झाला.

या चढावर १,००० टनांची गाडी केवळ मागे न घसरता धरून ठेवायलाच सुमारे २७ टनांचा जोर लागतो. तो सगळा पुढच्या इंजिनाने लावला, तर पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या दुव्यावर, असह्य ताण येतो. म्हणून मागून ढकलणारी इंजिने, म्हणजे बँकर, जोडली जाऊ लागली. दुसरी अडचण रिव्हर्सिंग स्टेशनची होती. तेथे गाडी थांबून उलट दिशेने निघत असे, त्यामुळे तिथल्या रुळांच्या लांबीपेक्षा लांब गाडी नेणेच शक्य नव्हते. बोरघाटातील हे स्थानक १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे वगळले गेले.

त्याच सुमारास घाटांत १,५०० व्होल्टची वीज आली आणि ‘खेकडा’ या नावाने ओळखली जाणारी मालवाहू इंजिने धावू लागली. उतरताना ती वीज निर्माण करून तारेत परत सोडत, आणि ती चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. माझ्या मते वाफेच्या इंजिनांना बाजूला सारणारा खरा बदल हाच होता. उतारावर ताबा सुटलेली गाडी चढणीकडे वळवून थांबवणाऱ्या कॅच साइडिंगची व्यवस्था मात्र विजेनंतरही कायम राहिली.

न्हावा शेवा बंदर दिल्लीजवळच्या दादरीशी जोडण्यासाठी आखलेल्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा चढ २०० मीटरला १ मीटर एवढाच ठेवला आहे, पण तो घाट न चढता गुजरातकडे वळतो; पुणे आणि नाशिककडे निघालेल्या जड मालगाड्यांना आजही बँकर लागतात.