पार्श्वभूमी : किलावेआ पाहायला येणाऱ्यांसाठी माहितीची सोय कशी उभी राहिली

हवाई बेटसमूहातील सर्वांत मोठ्या बेटावरचा किलावेआ हा ज्वालामुखी पाहायला आज जो प्रवासी जातो, त्याच्या हाती नकाशा असतो, वनरक्षकांच्या सूचना असतात, आणि निघण्यापूर्वीच विवराचे थेट चित्रण त्याने कॅमेऱ्यातून पाहिलेले असते. ही व्यवस्था एका दिवसात किंवा एका खात्याने उभी केलेली नाही. प्रवाशांची सोय आणि शास्त्रज्ञांचे निरीक्षण ही दोन कामे या डोंगरावर सुरुवातीपासून हातात हात घालून चालली, आणि या व्यवस्थेचा इतिहास वाचायचा तो याच दृष्टीने.

मूळ हवाई लोकांसाठी किलावेआ हे प्रेक्षणीय स्थळ नव्हतेच. ते पेले या देवतेचे निवासस्थान होते. तिथे जाणारा ओहेलोची फळे आधी तिला अर्पण करी, मग स्वतः खाई. 1823 मध्ये विल्यम एलिस हा मिशनरी सहकाऱ्यांसह बेटाची पायी पाहणी करत विवरापर्यंत पोहोचला आणि त्याच्या वर्णनामुळे हे ठिकाण बाहेरच्या वाचकांना माहीत झाले. पुढच्याच वर्षी नव्याने ख्रिस्ती झालेल्या कापिओलानी या सरदार घराण्यातील स्त्रीने विवरात उतरून पेलेचा धाक झुगारला. मिशनऱ्यांनी या प्रसंगाचा पुढे भरपूर गवगवा केला. पेलेला नैवेद्य दाखवणारे मात्र आजही विवराच्या काठावर दिसतात.

हिलो बंदरापासून विवराचा काठ सुमारे 48 किलोमीटरवर, आणि वाट सगळी चढाची. इतका प्रवास घोड्यावरून करून आलेल्याला रात्रीचा आसरा हवा, म्हणून 1846 मध्ये काठावर गवताने शाकारलेली एक झोपडी उभी राहिली. ‘व्होल्कॅनो हाउस’ या विश्रामगृहाची ही सुरुवात. 1866 मध्ये वार्ताहर म्हणून आलेला मार्क ट्वेन इथे उतरला होता. 1877 साली बांधलेली लाकडी इमारत अजून उभी आहे आणि तिथे कलादालन चालते.

या विश्रामगृहातील खरी मोलाची वस्तू म्हणजे तिथली नोंदवही. 1865 मध्ये ओ. एच. गुलिक यांनी ती भेट दिली, तीही एका अटीवर : मुक्काम करणाऱ्याने नुसते नाव लिहून पुढे जाऊ नये, ज्वालामुखीचे जे काही दिसले तेही लिहावे. आपल्याकडच्या अभिप्रायवहीत ‘व्यवस्था उत्तम’ लिहून सही ठोकण्याची रीत पाहता ही अट कडकच म्हणायची. लोकांनी ती बऱ्यापैकी पाळली. लाव्हाच्या तळ्याची पातळी, नव्या भेगा, भूकंपाचे धक्के यांच्या नोंदी झाल्या, कोणी रेखाचित्रे काढली, आणि काहींनी थट्टामस्करीनेही पाने भरली. वेधशाळा नव्हती त्या दशकांतील विवराच्या हालचाली समजून घेताना अभ्यासकांनी याच पानांचा आधार घेतला आहे.

पुढचा टप्पा लॉरिन थर्स्टन यांच्या खटपटीचा. 1893 मध्ये हवाईचे राज्य उलथवणाऱ्या मंडळींत ते अग्रभागी होते, आणि पर्यटनवाढीचा त्यांचा उत्साह त्या राजकारणापासून वेगळा काढता येत नाही. 1891 मध्ये त्यांनी व्होल्कॅनो हाउस घेतले, 1894 मध्ये हिलोहून काठापर्यंत गाडीरस्ता झाला, आणि वृत्तपत्राचे मालक या नात्याने त्यांनी राष्ट्रीय उद्यानासाठी मोहीम चालवली. त्यांना जोड मिळाली ती थॉमस जॅगर या भूवैज्ञानिकाची. 1902 मध्ये कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर माँ पेले या ज्वालामुखीने घडवलेल्या मृत्यूच्या तांडवाच्या खुणा जॅगर यांनी जवळून पाहिल्या होत्या, आणि ज्वालामुखीच्या काठावर कायम ठाण मांडून निरीक्षण केल्याखेरीज माणसे वाचवता येणार नाहीत, अशी त्यांची खात्री झाली होती. 1912 मध्ये त्यांनी इथे वेधशाळा सुरू केली. भूकंपमापकांसाठीचे तळघर कैद्यांनी खणले. 1 ऑगस्ट 1916 रोजी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन होण्याच्याही काही आठवडे आधी. सुरुवातीला शेजारच्या माउई बेटावरील हालेआकाला पर्वतही याच उद्यानात होता.

काठावरचा धोका मे 1924 मध्ये स्पष्ट झाला. मुख्य विवराच्या आत असलेल्या हलेमाउमाउ या विवरातील लाव्हाचे तळे खाली ओसरले, पाठोपाठ वाफेचे स्फोट झाले, आणि जवळ गेलेला एक छायाचित्रकार दगडांच्या माऱ्यात सापडून दगावला.

रस्त्यांची कथा याहून बोलकी आहे. शिखरावरून समुद्राकडे उतरणारा ‘चेन ऑफ क्रेटर्स’ रस्ता 1965 मध्ये किनाऱ्यावरील कालापानापर्यंत पोहोचला. 1969 ते 1974 या काळात मौना उलू या किलावेआच्याच एका मुखाच्या लाव्हाने त्याचा मोठा भाग गाडला. तो 1979 मध्ये पुन्हा खुला झाला, आणि 1983 मध्ये सुरू झालेल्या पुऊ ओओ या दुसऱ्या मुखाच्या उद्रेकाने काही वर्षांतच तो पुन्हा तोडला. 1989 मध्ये किनाऱ्यावरील वाहाउला येथील उद्यानाचे माहिती केंद्र जळून गेले. शेजारचे प्राचीन मंदिर त्या वेळी वाचले, ते 1997 मध्ये लाव्हाखाली गेले. कालापाना गाव 1990 मध्येच नाहीसे झाले होते. तिथे लाव्हाचे पातळ थर आतून फुगत जाड कसे होतात, याच्या ज्या नोंदी झाल्या, त्यांचा उपयोग दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर समजून घेतानाही झाला आहे.

वेधशाळेच्या जुन्या इमारतीत 1987 मध्ये जॅगर यांच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले आणि काठावर उभे राहून धुमसते विवर पाहण्याची ती सर्वांत लोकप्रिय जागा ठरली. 2018 च्या मे महिन्यात पूर्वेकडील पुना भागात जमीन फाटून लाव्हा बाहेर पडू लागला. तिथे सातशेहून अधिक घरे व इतर इमारती नष्ट झाल्या आणि इकडे शिखराचा तळ टप्प्याटप्प्याने खचत गेला. हजारो भूकंपांनी संग्रहालय आणि वेधशाळा दोन्ही निकामी केल्या. उद्यानाचा बहुतेक भाग चार महिन्यांहून अधिक काळ बंद राहिला, विवराभोवतीच्या रस्त्याचा एक तुकडा खाली कोसळला, आणि वेधशाळेला आपले बिऱ्हाड हिलोला हलवावे लागले.

त्यामुळे छापील मार्गदर्शिकेपेक्षा वेधशाळेची रोजची माहिती आणि उद्यानाचे बंद-खुल्या वाटांचे फलक यांनाच इथे अधिक वजन आले आहे. डिसेंबर 2024 पासून हलेमाउमाउमध्ये लाव्हाचे कारंजे थांबून थांबून उसळत आहे. मधल्या काळात अनेक दिवस काहीच दिसत नाही, आणि उद्रेक सुरू असताना वारा फिरला की सल्फर डायऑक्साइडमुळे आणि वरून पडणाऱ्या काचेसारख्या तंतूंमुळे चांगल्या दृश्याची जागाही सोडावी लागते.