पीसीवरचं युनिक्स आणि वेगळा विकलेला कंपायलर

पीसीवर युनिक्स (एक ऑपरेटिंग सिस्टिम) एकेकाळी पेटीत विकत मिळायचं, फ्लॉप्यांचा गठ्ठा, जाडजूड मॅन्युअल्स आणि सिरीयल नंबर छापलेलं कार्ड असं सगळं त्यात असायचं. हे लिनक्स (युनिक्सच्याच धर्तीची फुकट सिस्टिम) उतरवून घेणाऱ्यांना माहीतच नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते "महाग होतं म्हणून चाललं नाही" एवढंच म्हणून मोकळे होतात. महाग होतं हे खरंच, पण माझ्या मते घात किमतीने केला नाही, त्या पेटीतून काय काढून घेतलं होतं त्याने केला.

युनिक्स बनवणारी मूळची टेलिफोन कंपनी, एटी अँड टी, १९५६ च्या सरकारी तडजोडीने बांधलेली होती, दुसऱ्या धंद्यात उतरायची तिला मुभा नव्हती, त्यामुळे सत्तरच्या दशकात युनिक्स विद्यापीठांना सोर्सकोडसकट नाममात्र पैशात जायचं. त्यात सी कंपायलर (सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा), असेम्ब्लर, एडिटर, टाइपसेटिंगसाठी ट्रॉफ सगळं एकत्र असायचं, सिस्टिम आणि टूल्स वेगळी असतात ही कल्पनाच नव्हती. कंपनीचे तुकडे पडायचं ठरलं, बंधन सुटलं आणि १९८३ मध्ये सिस्टिम फाइव्ह ही युनिक्सची आवृत्ती रीतसर बाजारात आली.

मायक्रोसॉफ्टच्या झेनिक्स या युनिक्सची घोषणा १९८० चीच, पण पीसीतल्या ८०८८ चिपवर प्रत्यक्ष चालणारी युनिक्सं १९८३-८४ कडे आली. त्यातल्या आयबीएमच्या पीसी/आयएक्सची किंमत ९०० डॉलर होती. ८०८८ ला मेमरी प्रोटेक्शन नव्हतं, एका प्रोग्रॅमचा पॉइंटर चुकला की अख्खी सिस्टिम खाली. पुढच्या २८६ चिपवर प्रोटेक्शन आलं पण ६४ केबीच्या सेगमेंटांचा जाच राहिला, खरं सुख ३८६ आल्यावर, त्याला सपाट अ‍ॅड्रेस स्पेस आणि पेजिंग दोन्ही होतं.

आता मुद्द्याचं. झेनिक्स तीन भागांत विकलं जायचं, ऑपरेटिंग सिस्टिम, डेव्हलपमेंट सिस्टिम आणि टेक्स्ट प्रोसेसिंग सिस्टिम, आणि तिन्हींचे पैसे वेगळे. पुढे सिस्टिम फाइव्हवाल्या पीसी युनिक्सांनीही हेच केलं, वर नेटवर्किंगचं टीसीपी/आयपी वेगळं, आणि दोन युजरचं लायसन्स वेगळं, अमर्याद युजरचं वेगळं. विकणाऱ्यांची बाजू समजून घ्यायला हवी, त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे छोटा धंदा, एका पीसीला सिरीयल पोर्टांवर सात-आठ टर्मिनलं लावून त्यावर अकाउंटिंग नाहीतर ऑर्डर एन्ट्री चालवणारा, त्याला कंपायलर कशाला हवा? शिवाय मूळ मालकाला द्यायची रॉयल्टी प्रत्येक प्रतीमागे होती आणि युजर किती त्यावर ठरायची. हिशोबाने बघितलं तर निर्णय बरोबर दिसतो.

पण घरच्या मशीनवर युनिक्स शिकायला घेणारा माणूस वेगळा होता, त्याला नेमकं तेच हवं होतं जे पेटीत नव्हतं. गंमत अशी की नवीन डिव्हाइस ड्रायव्हर घालायचा तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, परत लिंक करावा (तयार तुकडे जोडून बनवावा) लागायचा, त्यामुळे लिंक किट द्यावंच लागायचं. /etc/conf/cf.d मध्ये जाऊन link_unix चालवलं की ऑब्जेक्ट फायलींमधून नवा कर्नल तयार व्हायचा, म्हणजे अख्खा कर्नल बांधता येतो, पण दहा ओळींचा स्वतःचा सी प्रोग्रॅम कंपाइल करता येत नाही, ही अवस्था.

बरं १९८७ पासून जीसीसी हा सी कंपायलर फुकट होता, मग अडचण काय? तर जीसीसी मिळायचा सोर्समध्ये आणि तो बांधायला आधी एक सीसी, म्हणजे चालता सी कंपायलर, लागतो, आणि कोणी बांधलेली बायनरी दिली तरी /usr/include मधल्या हेडर फायली आणि लायब्ररी त्याच वेगळ्या पॅकेजात अडकलेल्या, म्हणजे पैसे भरल्याशिवाय सुटका नाहीच. १९९२ ला आलेल्या सन कंपनीच्या सोलॅरिस २ या युनिक्सनेही कंपायलर काढला, तिथे तर सीसी नावाची कमांड होती आणि ती चालवली की "लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड" एवढंच छापायची. जीसीसी घराघरात पोचवायचं काम या एका ओळीने जितकं केलं तितकं कुठल्या जाहिरातीने केलं नसेल.

याला अपवाद होतं कोहेरंट, पीसीसाठीचं युनिक्ससारखं एक सिस्टिम. टेलिफोन कंपनीच्या कोडची एकही ओळ न घेता लिहिलेलं, ९९.९५ डॉलरला, आणि कंपायलर आतच. ३८६ साठीची ४.० आवृत्ती यायला मात्र १९९२ उजाडलं, तोवर उशीर झाला होता. मिनिक्स हे आणखी एक युनिक्ससारखं सिस्टिम १९८७ पासून सोर्ससकट मिळत होतं पण ते शिकवण्यासाठी मुद्दाम लहान ठेवलेलं.

१९९१-९२ ला सगळं एकदम घडलं. लिनक्स आलं, १९९२ मध्ये त्याचं लायसन्स जीपीएल (सोर्सकोड खुला ठेवायला लावणारं) झालं, बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सवरून (बीएसडी) बनलेलं फुकट ३८६बीएसडी पण त्याच साली, आणि त्याच बर्कलीच्या कोडवर उभं राहिलेलं बीएसडी/३८६ सोर्ससकट ९९५ डॉलरला विकायला काढलं. त्यावर एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीचा लगेच खटला, तो १९९४ ला मिटला तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी फक्त ३ काढाव्या लागल्या आणि ७० मध्ये कॉपीराइटची सूचना घालावी लागली. एवढ्यासाठी दोन वर्षं लोक बीएसडीला हात लावायला घाबरत होते, आणि तोवर स्लॅकवेअर या लिनक्स संचाच्या फ्लॉप्यांवर जीसीसी, हेडर, नेटवर्किंग, खिडक्या दाखवणारं एक्स सगळं एकत्र येऊन पोचलं होतं.

पेटीवाल्यांनी मग दारं उघडली, १९९६ मध्ये एससीओने आपलं पीसी युनिक्स ओपनसर्व्हर घरगुती वापरासाठी फुकट केलं, पण शिकणारा वर्ग केव्हाच निघून गेला होता. युनिक्सच्या कोडवरचे हक्क हातोहाती फिरत राहिले आणि २००३ पासून लिनक्सविरुद्धच्या दाव्यांमध्ये वापरले गेले, वर्षानुवर्षं कोर्ट चाललं आणि शेवटी दावा लावणाऱ्याकडे ते कॉपीराइट कधी गेलेच नव्हते असं ठरलं.

२००७ मध्ये इंटेल मॅकवरच्या लेपर्ड या मॅक ओएसच्या आवृत्तीला युनिक्स ०३ या मानकाचं प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे विकत घेऊन घरी चालवायचं प्रमाणित युनिक्स परत आलं, तेही धंद्याच्या काउंटरवरून नाही तर लॅपटॉपवर. त्यातही कंपायलर आणि हेडर सिस्टिमसोबत आपोआप बसत नाहीत, वेगळे घालावे लागतात. फक्त त्याचे पैसे कोणी मागत नाही.