गावतलावाची पाळ दुरुस्त करायचा अर्ज: परत का येतो आणि सोबत काय लावायचं

दरवर्षी मे महिन्यात दोन-तीन गावची मंडळी माझ्याकडं येतात, हातात अर्ज, सोबत कोरड्या तलावाचे फोटो, आणि म्हणणं एकच, पाळ गळतीय पण साहेब येत नाहीत. साहेब येत नाहीत हे बऱ्याचदा खरं असतं, पण मे महिन्यात आले तरी त्यांना दिसणार काय? भेगाळलेली काळी माती. मग "पाहणीवेळी गळती आढळून आली नाही" असा शेरा पडतो आणि तो फाईलला चिकटला की निघता निघत नाही. म्हणून पहिली गोष्ट, अर्ज तलाव भरलेला असताना करा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती म्हणजे पावसाच्या तोंडावर अर्ज असं लोक समजतात, पण अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा यात महिने जातात आणि जिल्हा नियोजनचा पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यातच बनत असतो.

अर्ज कुठं द्यायचा तर तलाव कोणाचा त्यावर. साधारण १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे पाझर तलाव, गावतलाव जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडं, १०१ ते ६०० हेक्टरवाले राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडं, त्याच्या वरचे बहुतेक जलसंपदाकडं.

काही जण अर्जात "धरण सुरक्षा कायदा २०२१ प्रमाणे तपासणी करा" असं लिहितात, आणि अर्ज थेट नाशिकला धरण सुरक्षितता संघटनेकडं पाठवतात. तो कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, किंवा १० ते १५ मीटरमधल्या अशा धरणांना ज्यांची लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर आहे, असे काही निकष त्यात दिलेत. आपल्या गावतलावाची पाळ सहसा त्यात बसतच नाही. म्हणजे ती सुरक्षित आहे असं नाही हो, उलट तिच्याकडं बघायला त्या कायद्यानं कोणी बांधील नाही म्हणून जास्त जपायला पाहिजे. अर्जात कायद्याचं नाव टाकण्यापेक्षा पाळीची उंची, लांबी, आणि पाळीच्या खालच्या अंगाला किती घरं आहेत ते लिहा.

आता ज्या कागदावर सगळे अडतात तो, म्हणजे तलावाची मूळ फाईल, कामाची मान्यता, पूर्णत्वाचा दाखला. मराठवाड्यातले कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर झाले, कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत हरवले, आणि आता तेच कार्यालय गावाला विचारतं की तलाव कोणी बांधला! सरपंचानं हा कागद आणायचा कुठून? यावर एक उपाय चालतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात तलावाची नोंद मागा, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहा. चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, उत्तर ३० दिवसांत. "आमच्याकडे नोंद उपलब्ध नाही" असं लेखी आलं तरी टाकून देऊ नका, तेच पत्र अर्जाला जोडा.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. पाळ ज्या जमिनीवर उभी आहे ती कागदावर अजून शेतकऱ्याच्याच नावावर असते, म्हणून दुरुस्तीला त्याचं संमतीपत्र लागतं. मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेतल्या एका गावात एक म्हातारे बाबा संमतीपत्रावर सही करेनात, त्यांच्या वडिलांच्या नावचं सव्वा एकर पाळीत गेलेलं आणि मावेजा (जमिनीची भरपाई) काही मिळालेला नाही, त्यांना वाटलं सही केली की मावेजाही गेला. त्यांची भीती बरोबरच होती. शेवटी "ही संमती फक्त दुरुस्तीपुरती, मावेजाचा हक्क कायम" अशी ओळ घातली, ती त्यांना दोनदा वाचून दाखवली, मग सही झाली. तुम्हीही ती ओळ घालाच.

ग्रामसभेचा ठराव लागतो हे सगळ्यांना माहितीय, पण गणपूर्ती कोणी मोजत नाही. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा, तेवढ्या सह्या रजिस्टरवर पाहिजेत. आणि ठरावात "सुशोभीकरण" हा शब्द नको. सकाळी फिरायला लोक येतात, गणपती तिथंच बुडवतात, म्हणून बाकडी, पेव्हर ब्लॉक, झाडं, बोटिंग सगळं एकाच ठरावात घालतात आणि गळतीचा अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन बसतो. वर पाळीवर झाडं लावणं हेच धोक्याचं, मूळ कुजलं की त्याच जागेतून पाण्याला वाट मिळते, आणि पेव्हरखाली भेगा दिसत नाहीत. फिरायची हौस रास्त आहे, पण दुरुस्तीचा ठराव वेगळा करा, त्यात वेडी बाभूळ काढणं, घुशीची बिळं बुजवणं, पिचिंग (पाळीच्या पाण्याकडच्या अंगाला दगड बसवणं) आणि सांडव्याची (जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेची) दुरुस्ती एवढंच लिहा. पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचल्या असतील तर पाहणीची वाट बघू नका, आजच काढा, मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की ती टिकत नाही.

पुरावा म्हणून फोटोसोबत एक करा. पाळीच्या खालच्या बाजूला जिथं पाझर आहे तिथं खुंटी ठोका, तारीख लिहा, आणि पाझराचं पाणी पारदर्शक बाटलीत भरून तासभर तशीच ठेवा. नितळ राहिलं तर थोडाफार पाझर मातीच्या पाळीला असतोच. तळाला बारीक माती बसली तर पाणी आतून पाळीची माती ओढून आणतंय. त्या बाटलीचा फोटो अर्जाच्या पहिल्याच पानावर लावा, कनिष्ठ अभियंता बाकी काही वाचो न वाचो, तेवढं बघतो. आणि अर्जाची पोच शिक्क्यासहित घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

भर पावसात पाझर अचानक वाढला, पाणी गढूळ झालं किंवा पाळीला खड्डा पडला तर मात्र अर्जाच्या भानगडीत पडू नका. १०७७ ला (जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष) फोन करा, तलाठी आणि तहसीलदारांना कळवा, आणि कोणी यायच्या आधी खालच्या वस्तीतली म्हातारी माणसं, पोरं, दावणीची जनावरं उंच जागेवर हलवा.